पूर्वेकडचा गोल

मैदानाची मधली रेघ माझ्या पायापासून निघून डावीकडे जात होती आणि चुन्याच्या एका लोखंडी घमेल्यापाशी संपत होती. घमेलंही अर्धंच होतं. अलीकडची कड दिसत होती, पलीकडची नव्हती. मी तिथपर्यंत चालत गेले. एकोणतीस पावलं. माझं पाऊल सत्तर सेंटिमीटरचं आहे. कॉलेजच्या व्हरांड्यात मी ते बऱ्याचदा मोजलेलं होतं. म्हणजे वीस मीटर आणि वर एक फूट. मध्यबिंदूपासून गोल पंचाहत्तर पावलांवर होते, एक पश्चिमेला, एक पूर्वेला.

वहीत लिहिलं: सकाळी नऊ, वीस मीटर.

“किती?” धुक्यातून आवाज आला. आवाजामागून तपकिरी मफलर आला, आणि मफलरमागून अण्णाजी तितीरमारे. फुटबॉल लीगच्या पूर्व विभागाचे ते सतरा वर्षं चिटणीस होते.

“वीस,” मी म्हणाले.

“आणि काल याच वेळेला?”

“चाळीस. परवा शंभर.”

“काय योग आहे बघ कुंदा. एवढे दिवस धुकं यायचं आणि दहाच्या आत जायचं. आजच त्याला बसायला जागा सापडली.” त्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं, जणू दिसण्यापेक्षा ऐकण्यावर आज जास्त भरवसा होता. “अकराला दोन तास आहेत. होईल ना?”

“सांगता येत नाही.”

“तू हवामानवाली. तुलाच सांगता येत नाही?”

“म्हणूनच सांगता येत नाही,” मी म्हणाले. ते हसले. पण ते हसू फार टिकलं नाही.

जानेवारी १९८८. वैनघाट हे वैनगंगेच्या वळणावरचं गाव, आणि मैदान नदीपासून दोनशे पावलांवर. थंडीत नदी रात्रभर श्वास सोडत असे आणि सकाळी तो सगळा मैदानावर येऊन बसे. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. नागपूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन गावातल्या कॉलेजात शिकवायला लागले होते. बाबा गेल्यावर त्यांच्याकडची नदीकाठची लहान वेधशाळा माझ्याकडे आली. पांढऱ्या लाकडी पेटीतले चार तापमापक, पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा दाखवणारं कोंबडं आणि नोंदवही. त्यांच्याबरोबर आणखी एक काम वारशानं आलं: पूर्व विभागाचा धुकेनिरीक्षक.

हे पद जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

लीग सुरू झाली तेव्हा सगळे संघ एकाच तक्त्यात होते. पण वैनघाटहून पुण्याला जायला तेव्हा दीड दिवस लागे, आणि गाडीतून उतरलेले खेळाडू पहिल्या अर्ध्या तासात डुलक्या घेत. म्हणून १९७१ साली लीगचे दोन विभाग झाले. पश्चिमेकडे सहा संघ, पूर्वेकडे चार: तुमसर, बल्लारशा, कामठी आणि वैनघाट. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी खेळत. सतरा वर्षांत आमचा विजेता तो सामना एकदाच जिंकला. पश्चिमेकडे चांदीचा करंडक होता. आमच्याकडे भंडाऱ्याच्या तांबटांनी ठोकून दिलेली पितळेची घागर होती, आणि दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव तिच्यावर टिंबाटिंबांनी घालायचं, लग्नात आलेल्या भांड्यांवर घालतात तसं. सतरा नावं. गळ्याजवळ एका नावापुरती जागा उरली होती.

विभागाचा शेवटचा सामना म्हणून त्या दिवशी ती घागर एका टेबलावर मांडली होती. टेबल दिसत नव्हतं. धुक्यात, कमरेच्या उंचीवर, एक पिवळसर गोल तरंगत होता.

पुढच्या वर्षीपासून विभाग राहणार नव्हते. आता रात्रीच्या गाड्या झाल्या, तेव्हा पुन्हा एकच तक्ता, आठ संघांचा, असं पुण्याच्या बैठकीत ठरलं होतं. पश्चिमेचे सहाही आणि पूर्वेचे पहिले दोन. तुमसर पहिलं होतं, त्याला कोणी गाठणार नव्हतं. कामठीचे अठरा गुण, वैनघाटचे सतरा. शेवटचा सामना या दोघांचा. जिंकलं तर वैनघाट आत. बरोबरी झाली तर बाहेर. आणि सामना रद्द झाला तर दोघांना एकेक गुण, म्हणजे बाहेरच. बाहेर गेलेल्या संघाला खेळायला कोणी उरणार नव्हतं. बारा पगारी खेळाडूंचा क्लब त्याच दिवशी संपला असता.

हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि गाव मैदानाभोवती बसलेलं होतं. दिसत नव्हतं, पण होतं. खोकल्यावरून आणि शेंगा फोडण्यावरून कळत होतं.

“ओ पंच,” उत्तरेकडून कोणी ओरडलं, “सुरू करा ना जी. आम्ही ऐकून घेऊ.”

“काहून? तुह्या घरी रेडिओ नाई काय?” दक्षिणेकडून उत्तर आलं. सगळं धुकं हसलं.

चेंडूवर पाय पडल्याचा आवाज येत होता, धप्, मग बराच वेळ काही नाही, मग लांबून धप्. खेळाडू सराव करत होते. अधूनमधून एखादा निळा शर्ट दिसे, दोन पावलं धावे आणि पुसला जाई.

सामने सकाळी नऊलाच ठेवण्याची आमची जुनी पद्धत होती, कारण पाहुण्या संघाला दोन-दहाची पॅसेंजर गाठायची असे. नव्वद मिनिटांचा खेळ, मधली सुटी, मग अंघोळ आणि जेवण. म्हणून अकरा ही शेवटची मर्यादा. विभागाच्या नियमपुस्तकात हे चौदाव्या कलमात होतं. पुस्तक पातळ होतं आणि चौदावं कलम त्यातलं सगळ्यात लांब. ते माझ्या बाबांनी लिहिलेलं होतं. मध्यबिंदूवर उभ्या राहिलेल्या निरीक्षकाला दोन्ही गोल दिसले पाहिजेत. पण नुसतं “दिसतात” म्हणून चालणार नाही. गोलाच्या आडव्या खांबावर माळ्याने लाल फडकी टांगावीत. किती, हे त्याने ठरवावं, एकपासून सहापर्यंत. निरीक्षकाला आधी सांगू नये. निरीक्षकाने मोजून आकडा मोठ्याने सांगावा, आणि माळ्याने खांबाजवळून तो बरोबर की चूक ते कळवावं.

पश्चिमेकडचे लोक या कलमाला खूप हसत. पूर्वेकडे खेळाआधी धुणं मोजतात, असं म्हणत.

अकरा जवळ येऊ लागले तसे दोन्ही कप्तान माझ्याजवळ येऊन उभे राहिले. कामठीचा अख्तर उंच, सडपातळ, खांद्यावर शाल. आमचा यशवंत कापगते गोलकीपर होता. बत्तीस वर्षांचा, रुंद, आणि दोन महिन्यांपूर्वीच खाणीतली नोकरी सोडून पूर्णवेळ क्लबात आलेला. त्याने आधीच नाणेफेक जिंकून पूर्वेकडचा गोल घेतला होता.

“मॅडम,” अख्तर म्हणाला, “हे धुकं नाही, आमचा बारावा खेळाडू आहे. याला पण घागरीतलं पाणी पाजावं लागेल.”

“पाज, पाज,” यशवंत म्हणाला. “पळायला लागेल तो, तेव्हा बघू.”

“खरं सांगू?” अख्तरने शाल सावरली. “असं नको वाटतं. सतरा साल खेळलो एकमेकांशी. बसून जिंकायचं म्हणजे घरी काय सांगू?”

“सांग, वैनघाटचे घाबरले.”

“ते तर दर वर्षीच सांगतो.”

दोघे हसले. मग यशवंत माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणला. “मॅडम, त्या गोलात मीच उभा राहणार आहे. लागलं तर मला लागेल. मी म्हणतो, मला चालतं. एवढं लक्षात घ्या.”

“तुम्हाला चालतं की नाही, हे कलमात नाही,” मी म्हणाले.

“कलम तुमच्या घरचंच आहे.”

त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं.

कलम कशामुळे आलं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. १९७४च्या जानेवारीत, अशाच एका सकाळी, निरीक्षकाने मध्यबिंदूवरून दोन्ही गोल दिसतात असं सांगितलं आणि खेळ सुरू झाला. सहाव्या मिनिटाला बल्लारशाचा एक धिप्पाड खेळाडू धुक्यातून बाहेर आला, तो थेट आमच्या गोलकीपरच्या अंगावर. डाव्या पायाची नळी दोन जागी मोडली. हाड जुळलं, पण पाय अडीच इंच आखूड झाला. तो गोलकीपर म्हणजे दौलत गभणे. क्लबाने त्यांना मैदानाचा माळी म्हणून ठेवून घेतलं. निरीक्षक म्हणजे माझे बाबा, लांजेवार गुरुजी. पाय मोडल्यावर दोन महिन्यांत त्यांनी चौदावं कलम लिहून विभागापुढे ठेवलं. धुकं पाच मिनिटांत दाट होऊ शकतं, गुरुजींचा काय दोष, असं सगळे म्हणाले. दौलतकाकाही तेच म्हणाले.

घागरीवरच्या नावांमध्ये त्या वर्षीचं नाव वैनघाटचं आहे.

दहा पंचवीसला आकाश थोडं पांढरं झालं. धुकं विरळ होताना आधी उजेड वाढतो, आणि काही वेळ उलट कमीच दिसतं. दिव्यासमोर काच घासून धरावी तसं. मी वाट पाहिली. अण्णाजी दर तीन मिनिटांनी घड्याळ कानाला लावत होते. नागपूरहून आलेले पंच शिट्टी पुसत होते.

दहा पस्तीसला पश्चिमेकडचा गोल आला. आला असंच म्हणावं लागेल. तिथे काही नव्हतं आणि मग दोन उभे खांब होते, पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने काढलेले.

“दौलतकाका, पश्चिमेकडे टांगा,” मी हाक दिली.

त्यांची चाल ओळखू येत होती. एक जड पाऊल, एक हलकं. ते गेले. थोड्या वेळाने मी बघितलं. सूर्य माझ्या पाठीशी होता. लाल ठिपके अगदी स्पष्ट नव्हते, पण वेगळे होते.

“चार,” मी ओरडले.

“एक... दोन... तीन... चार,” दौलतकाकांचा आवाज आला. ते नेहमी एकेका फडक्याला हात लावून मोजत. “बरोबर हाय. चार.”

मैदानाभोवती एक सुस्कारा फिरला.

“आता पूर्वेकडे,” अण्णाजी म्हणाले. “जा बाबा दौलत, जरा लवकर पाय उचल.”

“एकच उचलतो जी,” दौलतकाका माझ्याजवळून जाताना म्हणाले, “दुसरा आपला आपण येतो.” फडकी त्यांच्या खांद्यावर होती. ते पूर्वेकडच्या उजेडात शिरले आणि आधी त्यांचा पांढरा सदरा गेला, मग धोतर, मग सगळ्यात शेवटी ती लाल फडकी.

मी पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले. त्या बाजूला सूर्य होता, नदी होती, आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी गोल. सगळा उजेड माझ्या डोळ्यांत येत होता. सुरुवातीला फक्त पांढरं होतं. मग पांढऱ्यात दोन उभ्या जागा थोड्या कमी पांढऱ्या वाटल्या. मी डोळे मिटले, वीस आकडे मोजले, उघडले. त्या जागा तिथेच होत्या. वर एक आडवी. मागे जाळीची सावली असावी तसं काहीतरी. मला जाळीच्या गाठींवरचे थेंबसुद्धा जाणवत होते. आणि मग आडव्या खांबावर, समान अंतरावर, लाल.

माझ्या मागे गाव श्वास धरून होतं. यशवंतची बायको कुठेतरी पहिल्या रांगेत होती, तिच्या बांगड्या वाजल्या.

“तीन,” मी ओरडले.

“बरोबर,” लगेच उत्तर आलं. “तीन.”

गाव उठलं. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी पत्र्याचा डबा बडवायला लागलं. अण्णाजींनी माझे दोन्ही हात धरले. “गुरुजी असते तर,” ते म्हणाले. पंचांनी शिट्टी तोंडाजवळ नेली.

“थांबा,” मी म्हणाले. “मी एकदा बघून येते.”

“आता काय बघायचं?” यशवंत म्हणाला. “तीन म्हणाला ना तो.”

“दहा मिनिटं आहेत अजून. मी बघून येते.”

त्यांनी मला अडवलं नाही. मी चालायला लागले. पावलं मोजत.

दौलतकाकांनी मोजलं नव्हतं. एवढीच गोष्ट होती. एक, दोन, तीन असं हात लावून मोजायचं आणि मग बरोबर म्हणायचं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी वगळलं नव्हतं. उत्तर माझ्या शब्दाच्या शेपटीला धरून आलं होतं.

तीस पावलांवर समोर काही नव्हतं. चाळीसवर नव्हतं. मागचे आवाज मऊ होत गेले, गाव एखाद्या दुसऱ्या गावासारखं लांब गेलं. पन्नासाव्या पावलावर खांब दिसले. मी जिथे पाहिले होते तिथे ते नव्हते. थोडे डावीकडे होते. मी आणखी पंचवीस पावलं चालले.

आडव्या खांबावर काहीच नव्हतं. ओला पांढरा रंग आणि खालच्या कडेला ओळीने थेंब. सगळी फडकी अजून दौलतकाकांच्या खांद्यावरच होती. ते खांबाला टेकून उभे होते, आखूड पाय उचलून, बगळ्यासारखे.

“काका.”

“मी अजून एकबी टांगलं नव्हतं, पोरी,” ते हळू म्हणाले. “गाठ सोडवत होतो. तेवढ्यात तू तीन म्हणालीस.”

मी त्या खांबाकडे पाहत राहिले. मला अजूनही ती तीन फडकी आठवत होती. त्यांच्यामधली अंतरं आठवत होती. मधलं थोडं सैल होतं.

“मग तुम्ही बरोबर का म्हणालात?”

“काय म्हणू? सारं गाव ऐकत होतं.” त्यांनी खांद्यावरून एक फडकं ओढलं. “थांब. आता तीन टांगतो. मग खोटं नाई राहत ते.”

त्यांनी खरंच टांगलं. लंगडत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, काठीने फडकी वर सारली. एक, दोन, तीन. हात लावून मोजली. मधलं सैल नव्हतं.

“झालं,” ते म्हणाले. “जा. सांग यांना.”

मी हलले नाही. धुकं आमच्याभोवती इतकं जवळ होतं की मी आणि ते, दोन खांब आणि जाळी, एवढंच जगात शिल्लक राहिल्यासारखं झालं होतं. लांब कुठेतरी पत्र्याचा डबा वाजत होता.

“काका, त्या दिवशी मी होते इथे,” मी म्हणाले. “बाबांचा हात धरून. सेंटरला.”

“हो ना. लाल स्वेटर होता तुह्या अंगात.”

“दहा वर्षांची होते. बाबा पूर्वेकडे बघत होते, बराच वेळ. मी म्हटलं, मला नाही दिसत, बाबा. ते म्हणाले, दिसतं, नीट बघ. मी नीट बघितलं. मला नाही दिसत, असं पुन्हा म्हणणार होते. तेवढ्यात त्यांनी माझा हात जोरात दाबला. आणि वर तोंड करून म्हणाले, दिसतं.”

हे मी चौदा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. बोलताना माझा आवाज अगदी साधा येत होता, तापमान वाचून दाखवावं तसा. दौलतकाका काठीच्या टोकाने गवत उकरत होते.

“मले मालूम होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“गुरुजीले दिसलं नाई ते. मी इथंच उभा होतो ना.” त्यांनी काठी मध्यबिंदूच्या दिशेला केली. “सूर्य माह्या पाठीशी. तरी मले तिकडे कुत्रं दिसत नव्हतं. मग त्याईले उन्हाकडे तोंड करून मी कसा दिसीन?”

एम.एस्सी.च्या प्रयोगवहीत लिहावी इतकी ती मांडणी बिनचूक होती. ती माझ्या डोक्यात चौदा वर्षांत कधी आली नव्हती.

“मग तुम्ही का नाही बोललात? तेव्हा? नंतर?”

“तेव्हा खेळायचं होतं. मले तर सगळ्याईपेक्षा जास्त. बावीस वर्षाचा होतो मी.” ते थोडं हसले. “आणि नंतर बोलून पाय लांब होणार होता काय? गुरुजी रोज संध्याकाळी यायचे दवाखान्यात. बसायचे. बोलायचे नाई. एक दिवस तो कागद घेऊन आले, फडक्याईचा. मले वाचून दाखवला. ‘निरीक्षकास आधी सांगू नये.’ वाचलं आणि रडले. मी म्हटलं, गुरुजी, चांगला नियम हाय. बस. एवढंच झालं आमचं.”

मी खांबाला हात लावला. तो बर्फासारखा गार होता. निरीक्षकावर विश्वास ठेवू नये, असं एक कलम निरीक्षकाने स्वतःच लिहिलं होतं, आणि मी ते पाठ केलं होतं, तीन वर्षं वापरलं होतं. ते कोणाबद्दल आहे, हे मात्र कधी वाचलं नव्हतं.

“काका, आज मी काय करू?”

“ते मले नको विचारू. मी खोटा माणूस हाय, आताच पाहिलंस.” त्यांनी उरलेली फडकी पुन्हा खांद्यावर टाकली. “मी तुले एवढंच सांगतो. हा क्लब गेला तर उद्या सकाळी या रेघा कोणासाठी ओढू, मले समजत नाई. माहा पाय या मातीत हाय. मले वाटते खेळावं. यशवंताले वाटते. तुलेबी वाटते, नाईतर तीन कुठून दिसले?”

“हो,” मी म्हणाले. “मलाही वाटतं.”

“मग?”

दुरून अण्णाजींची हाक आली. “कुंदाऽऽ... किती वेळ?”

मी परत निघाले. दहा पावलांवर वळून पाहिलं. तीन फडकी, लाल, स्पष्ट. वीस पावलांवर तीन. तिसाव्या पावलावर त्यांचा रंग उडाला होता. तीन आहेत हे मला ठाऊक होतं, म्हणून ती तीन होती. पस्तीसला काहीतरी होतं. चाळीसला मी थांबले, डोळे मिटले, वीस मोजले, उघडले. उजेड. नुसता उजेड, दुधासारखा, आणि त्याच्या आत नदी कुठेतरी वाहत असल्याचा आवाज.

पूर्व विभागाचा इतिहास जमवणारे एक गृहस्थ हल्ली मला फोन करतात. चौकस आहेत, सभ्य आहेत. त्यांच्याकडे सगळे तक्ते आहेत. त्या दिवसाचीही एक ओळ आहे. पण ते वेधशाळेच्या वहीबद्दल विचारतात. ती वही माझ्याकडे आहे. १७ जानेवारी १९८८, माझंच अक्षर: अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी धुकं पूर्ण विरलं, आकाश निरभ्र, पूर्वेकडून मंद वारा. अकरा तीसला नदीपलीकडचं देऊळ दिसत होतं. हे मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “पंचवीस मिनिटं फक्त?” मी म्हटलं, “हो. पंचवीस.”

मी मध्यबिंदूवर पोचले तेव्हा अकराला तीन मिनिटं होती. सगळे तिथे गोळा झाले होते. धुक्यात चेहरे एकामागून एक उगवत होते. अण्णाजी. पंच. अख्तर, शाल हातात घेऊन. यशवंतने हातमोजे चढवले होते आणि तो उभ्या उभ्या गुडघे वर उचलत होता. त्याच्या पलीकडे पितळी घागर, आता थोडी जास्त पिवळी.

“तीनच ना?” अण्णाजींनी विचारलं.

“तीन टांगलेली आहेत,” मी म्हणाले.

“मग झालं तर.” त्यांनी पंचांकडे पाहिलं.

“मॅडम,” यशवंत म्हणाला. त्याने गुडघे उचलणं थांबवलं होतं. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. पाय मोडला त्या दिवशी तोही कुठेतरी या कडेला बसलेला असणार, अठरा वर्षांचा. “मॅडम, बघा एकदा नीट.”

मी पुन्हा पूर्वेकडे तोंड केलं. गाव शांत झालं. डबाही थांबला. त्या पांढऱ्या उजेडात मला दोन उभ्या जागा दिसायला लागल्या, मग वर एक आडवी. त्या माझ्या इच्छेने दिसत होत्या, आणि मी पाहत राहिले असते तर लाल रंगही आला असता. मला माझ्या उजव्या हाताची बोटं जाणवली. कोणी ती धरलेली नव्हती. कोणी दाबत नव्हतं.

मी गावाकडे वळले, आणि सगळ्यात मागच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“मला नाही दिसत.”